नामपल्लीची नुमाइश : धंदा शिकण्याचं मैदान

हैदराबादच्या नामपल्लीत दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ‘नुमाइश’ म्हणजे औद्योगिक प्रदर्शन भरतं. संस्थानात तयार होणारा माल लोकांपुढे मांडण्यासाठी उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये ते सुरू केलं. तेव्हा मराठवाडाही याच संस्थानात होता. प्रदर्शनाच्या कमाईतून एक्झिबिशन सोसायटी कमला नेहरू महिला पॉलिटेक्निकसारख्या शिक्षणसंस्था चालवते.

नवा धंदा काढणाऱ्याने इथे नुसती खरेदी करून परतू नये. आपल्याच मालाचे चार स्टॉल फिरावेत. भाव, पॅकिंग, गिऱ्हाईक काय विचारतं आणि कशावरून परत फिरतं, हे वहीत टिपावं. रीतसर शिकायचं तर शहरातच युसूफगुड्याला लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था आहे. कर्ज काढण्याआधी एवढा अभ्यास झाला, तर भांडवल बुडण्याची भीती कमी.