पिवळा दिवा

बेकर्सफिल्डची सपाट शेतं मागे पडली आणि लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या इंटरस्टेट ५ चा चढ सुरू झाला. तेजोन खिंडीपर्यंत हा रस्ता ४,००० फुटांवर चढतो. अर्ध्या चढावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. गाडी भाड्याची, मुलूख परका, मागच्या सीटवर बायको आणि झोपलेली मुलगी. शेजारी अण्णा, माझे वडील. हिंगोलीहून दोन महिन्यांसाठी आलेले.

मी गाडी कडेला घेऊ लागलो.

‘‘काहून थांबतोस?’’ अण्णा म्हणाले.

‘‘इंजिनचा दिवा लागलाय.’’

अण्णांनी रेडिओ बंद करायला सांगितला, काच खाली केली, डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, ‘‘इंजनाला काही झालं नाही. चढावर उभी करू नको. चल वर.’’

अण्णांनी आयुष्यभर ट्रक चालवला. वसमत आणि हिंगोलीच्या मोंढ्यातली हळद भरायची आणि नांदेड, लातूर, सोलापूर करत सांगलीला नेऊन उतरवायची. त्यांच्या ट्रकात दिवे नव्हते, काटे होते : ऑइलचा, पाण्याचा, हवेचा. त्यातला एखादा कायम बंद असायचा. त्यामुळे भरवसा कानावर, नाकावर आणि पायाखालच्या थरथरीवर. टॅपेट वाजतंय की बेअरिंग, हे ते झोपेतून उठून सांगायचे. अशा माणसाने इंजिन ठीक आहे म्हटल्यावर मी गाडी पुढे काढली. पण नजर रस्त्यापेक्षा त्या दिव्याकडेच जास्त जात होती.

खिंडीपलीकडच्या गोरमनला पेट्रोल पंपाशी थांबून भाड्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, दिवा लाल आहे की पिवळा? पिवळा. सलग जळतोय की लुकलुकतोय? सलग. गाडीची ओढ कमी झालीय? नाही. मग त्या म्हणाल्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा.

झाकण सैल होतं. दोन दिवसांपूर्वी एका गावात अण्णांनी हौसेने स्वतः पेट्रोल भरलं होतं. आपल्याकडे पंपावरचा पोरगा भरतो, तिथे ज्याचं त्याने भरायचं. झाकण ‘कट कट’ वाजेपर्यंत फिरवायचं असतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. घट्ट बसवलं, तरी दिवा विझेना. बाई म्हणाल्या, तो लगेच जात नाही. गाडी आणखी काही वेळा चालली आणि दोष पुन्हा दिसला नाही, की आपोआप जाईल.

अण्णा खूश झाले. ‘‘बघ, म्हणलो होतो ना इंजनाला काही नाही!’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘पण मंग इंजनाचं चित्र कशाला लावतात?’’

मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नामागे लागून मी नंतर जे वाचलं, ते त्या खिंडीपलीकडच्या शहरातच सुरू होतं.

काट्यांच्या जागी दिवे लावायला अमेरिकेत १९३० च्या दशकात हडसन कंपनीने सुरुवात केली. जाणकार ड्रायव्हर त्यांना चेष्टेने ‘इडियट लाइट’ म्हणत. काटा वाचता न येणाऱ्यांसाठी दिवा! ते दिवे खरोखर गाडीसाठी होते : ऑइलचा दाब गेला, बॅटरी भरत नाही. आमच्यासमोर लागलेला पिवळा दिवा मात्र त्यांच्या कुळातला नाही. तो कायद्याने लावला.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुकं उतरलं. युद्धाचे दिवस. जपानने विषारी वायू सोडला, असंही लोकांना वाटलं. मग संशय शहरातल्या कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुकं येतच राहिलं.

कोडं सोडवलं आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. पॅसाडिनाच्या कॅलटेकमध्ये तो अननसाच्या वासात कोणती द्रव्यं असतात, याचा अभ्यास करत होता. वास ओळखण्याची तीच हातोटी त्याने शहराच्या हवेला लावली. १९५० च्या सुमारास त्याने दाखवून दिलं, की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं, की ओझोन तयार होतो. डोळ्यांत, घशात आणि छातीत जातो तो हाच. म्हणजे गुन्हेगार कुणी शत्रू नव्हता, एखादा कारखानाही नव्हता. रोज कामावर जाणारी लाखो माणसं थोडं थोडं विष सोडत होती. तेल आणि मोटार कंपन्यांना हे पचायला वर्षं लागली.

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा कायदा केला. त्याचा पहिला अध्यक्ष हागेन-स्मिटच. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले. पण नवी गाडी स्वच्छ असली, तरी पाच वर्षांनी तिचं काय? सेन्सर बिघडला, नळी फाटली, तरी गाडी छान पळते. मालकाला कळत नाही, कळलं तरी तो खर्च करत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून अट घातली, की गाडीने स्वतःच स्वतःला तपासावं आणि दोष सापडला तर दिवा लावावा. १९९६ पासून अधिक कडक रूपात ती साऱ्या अमेरिकेतल्या नव्या मोटारींना लागू झाली, युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना २००१ पासून. नव्या नियमांत टाकीतून वाफ गळते का, हेही गाडी तपासते. सुमारे १ मिलिमीटरचं छिद्रही तिला कळतं. बहुतेक दोषांत पहिल्या संशयाला ती दिवा लावत नाही, पुढच्या फेरीत तोच दोष दिसला तर लावते. म्हणून आमची चूक दोन दिवसांनी उघड झाली.

तर अण्णांचा कान चुकला नव्हता. इंजिन ठणठणीत होतं. सैल झाकणातून जाणाऱ्या वाफेला आवाज नसतो, थरथर नसते. चित्र इंजिनाचं असलं, तरी तो दिवा गाडीपेक्षा बाहेरच्या हवेची काळजी जास्त करत होता. खिंडीपलीकडे राहणाऱ्या, आम्हाला कधीही न भेटणाऱ्या माणसांची.

आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. गाडीने स्वतःला तपासण्याची अट २०१० पासून भारत स्टेज ४ बरोबर आली, आधी मोठ्या शहरांत. देशभर ते नियम लागू झाले १ एप्रिल २०१७ ला आणि लगेच १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ आलं. आता हिंगोलीतही ट्रकवाले ‘युरिया संपला’ म्हणतात तेव्हा ते शेतातल्या खताबद्दल बोलत नसतात. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला डिझेल गाडीत युरियाचं पाणी घालावं लागतं. ते संपत आलं, की दिवा लागतो.

गेल्या वर्षी माझ्या गाडीचा दिवा हिंगोलीत लागला. ओळखीच्या मिस्त्रीने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि विचारलं, ‘‘बिघाड काढू का नुसता दिवा घालवू? दिवा घालवायचे पैसे कमी.’’ त्याचा दोष नव्हता. गिऱ्हाईकं हेच मागतात. एरवी मीही कदाचित दुसरंच म्हटलं असतं.

पण आदल्याच आठवड्यात अण्णांना घेऊन नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. जिना चढताना दम लागतो, म्हणून. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, आलेख पाहिला आणि विचारलं, ‘‘विडी किती वर्षं?’’

‘‘कधीच नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘ट्रक होता.’’

डॉक्टर म्हणाले, या वयात एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. धूळ असेल, घरातली चूल असेल, डिझेल असेल. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं. तोवर अण्णा ट्रकवरून उतरलेही होते. घाटात पुढच्या ट्रकाचा काळा लोट काचेवर यायचा, तेव्हा ते कौतुकाने म्हणायचे, ‘‘बघ, कसा ओढतोय!’’ धूर म्हणजे ताकद, असाच समज होता. तो धूर आपल्याही छातीत जातोय, हे सांगणारा काटा त्या कॅबिनमध्ये नव्हता.

मी मिस्त्रीला म्हणालो, बिघाड काढ. दोन तास लागले आणि खिशाला चाट बसली. अण्णा बाकड्यावर बसून त्याचं काम पाहत होते. घरी परत येताना आम्ही पंपावर थांबलो. पोराने पेट्रोल भरलं, झाकण लावलं आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

अण्णा दार उघडून खाली उतरले. गाडीला धरून, एकेक पाऊल टाकत मागे गेले आणि झाकण पुन्हा एकदा फिरवलं. कट. कट. मग धाप खाली बसेपर्यंत तिथेच उभे राहिले.