पोलादी दोराची परीक्षा

रज्जुमार्गाच्या पाळण्यांत बसून डोंगर चढणाऱ्या माणसाचा जीव पोलादी दोरावर टांगलेला असतो. तो दोर आंतून शाबूत आहे कीं नाहीं, हें तो न कापतां, न उलगडतां कसें ओळखावें? या प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

तारेच्या दोराचा जन्म खाणींत झाला. जर्मनींतील हार्ट्स पर्वतांत, क्लाउस्थाल येथें, विल्हेल्म आल्बर्ट हे खाणींचे अधिकारी होते. वाखाचे दोर कुजत. लोखंडी सांखळीची एक कडी तुटली कीं सारेंच संपे. म्हणून १८३४ सालीं त्यांनीं चार चार तारांचे तीन पेड वळून दोर केला. एक तार तुटली तरी बाकीच्या अकरा भार सांभाळीत. पुढें तारा वाढत गेल्या. एकोणीस तारांचे सहा पेड म्हटले, कीं तारा झाल्या ११४. आंतली तार तुटली वा गंजली, तरी दोर वरून ठाकठीकच दिसावयाचा! मग टोकाचा तुकडा कापून, तो तुटेपर्यंत ताणून पाहात. परंतु शितावरून भाताची परीक्षा येथें लागू पडत नाहीं. दोराचा दोष नेमका दुसऱ्याच ठिकाणीं असूं शकतो.

१९०६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत मॅकॅन व कोल्सन या दोघांनीं चुंबकत्वाची मदत घेतली. दोराभोंवतींच्या एका वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा वीजप्रवाह सोडावयाचा आणि दुसऱ्या वेटोळ्यावरून दोरांत धातु किती उरला तें ताडावयाचें, ही त्यांची युक्ति. पुढें प्रबळ चुंबकांचीं यंत्रें निघालीं. पाट फुटला कीं पाणी बाहेर सांडतें, तसें तुटल्या तारेपाशीं चुंबकत्व दोराबाहेर सांडतें. यंत्र तें टिपून घेतें आणि आलेखावर रेघ उसळते.

१९०८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें वेटरहॉर्न पर्वतावर प्रवाशांचा रज्जुमार्ग सुरू झाला. खाणीचा दोर असा हौशी प्रवाशांच्या सेवेस लागला आणि त्याची ही चुंबकीय परीक्षाहि कालांतरानें रज्जुमार्गावर आली. ज्या दोरावरून पाळण्याचीं चाकें धांवतात, त्याच्या बाहेरच्या तारा एकमेकींत इतक्या घट्ट गुंतविलेल्या असतात, कीं आंतील व्यंग डोळ्यांस दिसणें अशक्य. तेथें चुंबक हाच खरा परीक्षक.

तथापि या परीक्षकाच्या दृष्टीलाहि मर्यादा आहे. २३ मे २०२१ रोजीं इटलींत, माज्जोरे सरोवरावरील मोत्तारोने येथें, वरचें स्थानक जवळ आलें असतां पाळण्याचा ओढीचा दोर तुटला. दोर तुटतांच पाळणा जागीं धरणारे ब्रेक लोखंडी चिमटे अडकवून निकामी करून ठेविले होते. पाळणा मागें घसरत जाऊन कोसळला. १५ जणांपैकीं १४ दगावले. एक लहान मुलगा तेवढा वांचला. त्या दोराची चुंबकीय परीक्षा आदल्या नोव्हेंबरांतच झाली होती. पण दोर तुटला तो पाळण्याच्या गाड्याशीं जोडलेल्या टोकापाशीं. तेथें जोडाचें लोखंडच आड येतें, यंत्र पोंचत नाहीं. तेथें माणसानें वरचेवर स्वतः पाहावें, तारा तपासाव्या आणि ठरल्या मुदतीनें तें टोक कापून नवा जोड करावा, हाच उपाय.

यंत्रानें दोराच्या पोटांतील व्यंग दिसूं लागलें, हा विज्ञानाचा मोठाच विजय होय. परंतु जेथें यंत्राची दृष्टि संपते, तेथें माणसाच्या कर्तव्याला आरंभ होतो. तेथें त्यानें डोळेझांक केली, तर कोणता चुंबक त्या प्रवाशांस तारणार?