दुभाष्याचा कान

दुभाषी हा शब्द आपल्याकडे इतका जुना आहे, की त्याचे आडनाव होऊन बसले. १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर हजर होता आणि त्याच्याबरोबर कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी हाही होता. ऑक्झेंडनने दुरून मुजरा केला आणि नजराण्याची हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्याने उंच धरून दाखविली, अशी नोंद ऑक्झेंडनने स्वतःच करून ठेविली आहे. तहाची कलमे काय होती, व्यापाराच्या सवलती कोणत्या मागितल्या, याची चर्चा आपले इतिहासकार करतात आणि ती करावयासच हवी. परंतु दोन्ही पक्षांचे बोलणे ज्याच्या कानावाटे एकमेकांकडे गेले, त्याच्या कानाची चौकशी कोणी करीत नाही.

जुना दुभाष्या हा नुसता भाषांतर करणारा नव्हे. तो अर्धा वकील आणि अर्धा मध्यस्थ असे. शब्द कळला नाही तर त्याला पुन्हा विचारता येई, आणि अवघड वाटले तर घटकाभर विचार करून बोलता येई. त्याची परीक्षा होई ती निष्ठेची आणि जिभेची. बोलणाऱ्याला न थांबविता, एकदाच कानी पडलेल्या वाक्यावरून अर्थ धरता येतो की नाही, ही परीक्षा फार अलीकडची आहे. ती कशी निर्माण झाली हे पाहू लागलो तेव्हा आम्हांला एक गोष्ट आढळली. कामगार चळवळीत उभा जन्म काढलेल्या माणसाला ती सांगितल्यावाचून राहवणार नाही. कानाच्या या परीक्षेच्या मुळाशी कामगारांची एक अडचण होती.

पहिल्या महायुद्धापर्यंत राजकारणी मंडळींची सामाईक भाषा फ्रेंच होती. वकिलातीत नोकरीस लागणारा मनुष्य घरंदाज असावयाचा आणि त्याला फ्रेंच येत असावयाचे. दुभाष्याचे काम तेथे क्वचितच पडे. १९१९ च्या पॅरिस परिषदेत इंग्रजीला फ्रेंचच्या बरोबरीचे स्थान मिळाले आणि प्रश्न उभा राहिला. विल्सन, लॉइड जॉर्ज, क्लेमान्सो आणि ऑर्लांडो या चौघांच्या बंद बैठकांत दुभाष्या म्हणून पॉल मांतू हा फ्रेंच गृहस्थ बसत असे. औद्योगिक क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव अपरिचित नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवर १९०६ साली मोठा ग्रंथ लिहिणारा मांतू तो हाच. गिरण्यांचा इतिहास लिहिलेला पंडित जगाच्या वाटणीच्या बैठकीत दुभाष्या व्हावा, हा योगायोग आम्हांला मोठा मौजेचा वाटतो. मांतूची पद्धत अशी, की वक्त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावयाचे आणि मग ते सबंध दुसऱ्या भाषेत सांगावयाचे. मागाहून भाषांतर करण्याची ही रीत पुढे राष्ट्रसंघानेही उचलली.

त्याच वर्षी, २९ ऑक्टोबरपासून, वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. या परिषदेची घडण निराळी होती. प्रत्येक राष्ट्राचे चार प्रतिनिधी: दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी जन्मलेला हा मनुष्य इंग्रजीत निष्णात होता. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती. पण युरोपातील कामगारांचे जे पुढारी कारखान्यातून वर आले होते, त्यांनी इंग्रजी आणि फ्रेंच शिकावयाचे तरी कोठे? राजदूतांच्या सभेत भाषा न येणारा अपवाद असे, कामगारांच्या सभेत भाषा येणारा अपवाद ठरला. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी आपल्या भाषेसाठी मागणी लावून धरली. जर्मन व स्कँडिनेव्हियन लोकांना जर्मन हवी होती.

हा केवळ सभेच्या सोयीचा प्रश्न नव्हता. त्या परिषदेने कामाच्या तासांचा जो करार केला, त्यात आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा हे तत्त्व मान्य झाले, परंतु ब्रिटिश हिंदुस्थानापुरते दहाव्या कलमात साठ तासांचा आठवडा घातला गेला. त्याप्रमाणे १९२२ साली येथील कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. परळच्या गिरणीतील साचेवाल्याने किती तास उभे राहावे, हे अशा दालनात ठरत होते की जेथील एक वाक्यही त्याला कळले नसते. १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिला एक कारण हेही होते, की अशा परिषदेस जाणारा प्रतिनिधी कामगारांच्या संघटनेच्या संमतीने जावा.

परिषद भरू लागली ती जिनिव्हास. एक भाषण, मग त्याचे भाषांतर, मग जरूर तर आणखी एक भाषांतर, असा क्रम चाले. ज्याला भाषण कळले तो भाषांतराच्या वेळी पेंगे, आणि ज्याला भाषांतर कळायचे तो भाषणाच्या वेळी. अमेरिकेतील बोस्टन शहरी एडवर्ड फिलीन नावाचा एक मोठा दुकानदार होता. दुभाष्याने वक्ता बोलत असतानाच हलक्या आवाजात भाषांतर करावे आणि ते तारेने श्रोत्यांच्या कानापर्यंत पोचवावे, ही कल्पना त्याने १९२५ साली राष्ट्रसंघापुढे मांडली. गॉर्डन फिनले या ब्रिटिश अभियंत्याने यंत्राची जुळणी केली आणि १९२७ साली जिनिव्हाच्या कामगार परिषदेत तिचा प्रयोग झाला. मालकवर्गातील एका व्यापाऱ्याच्या डोक्यातून निघालेली युक्ती कामगारांच्या सभेत प्रथम उपयोगी पडली; चांगली वस्तू कोणाच्या दुकानातून आली याचा विचार आम्ही करीत नाही. पुढच्याच वर्षी मॉस्कोत कोमिंटर्नच्या सहाव्या काँग्रेसमध्येही असे भाषांतर झाले.

यंत्र बसले, पण माणूस कोठून आणावयाचा? दोन्ही भाषा अस्खलित बोलणारे पुष्कळ निघाले. स्वतः बोलत असताना दुसऱ्याचे ऐकत राहणारे मात्र थोडे. कामगार कचेरीने १९२८ साली यासाठी शिक्षणवर्गच चालविला. कान शिकवून तयार करावा लागतो, ही गोष्ट येथे प्रथम मान्य झाली. जिनिव्हात दुभाष्यांची स्वतंत्र शाळा निघाली ती १९४१ साली, आंत्वान वेलमन यांच्या खटपटीने.

या शिक्षणाची खरी कसोटी लागली न्यूरेंबर्गला. २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत नाझी पुढाऱ्यांवरील खटला तेथे चालला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषा. मागाहून भाषांतराची रीत ठेविली असती तर खटला किती वर्षे लांबला असता, याचा हिशेब करवत नाही. लिऑन डोस्टर्ट या फ्रेंच वंशाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने बोलता बोलता भाषांतराची व्यवस्था उभारली. बारा बारा जणांच्या तीन तुकड्या. दोन तुकड्या कोर्टात आळीपाळीने बसत, तिसरीला त्या दिवशी विश्रांती. वक्त्यासमोर दोन दिवे होते. पिवळा लागला म्हणजे सावकाश बोला, लाल लागला म्हणजे थांबा. मिनिटाला साठ शब्दांच्या आसपास बोलावे अशी सूचना होती. नव्या माणसांना घेण्यापूर्वी चाचणी होई, आणि न्यायालयाच्या माळ्यावर लुटुपुटीचा खटला चालवून सराव करून घेत. एकाने वकील व्हावयाचे, एकाने साक्षीदार आणि बाकीच्यांनी भाषांतर करावयाचे. भाषेचे विद्वान म्हणून आलेले अनेक जण या चाचणीत टिकले नाहीत.

तेथील दुभाष्यांपैकी काहींनी पुढे एक अडचण सांगितली आहे, ती आमच्या मनात घर करून राहिली. जर्मन मनुष्य उत्तराच्या आरंभी 'या' म्हणतो. शब्दकोशात त्याचा अर्थ 'होय'. पण पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की 'असं पाहा' किंवा 'बरं तर'. अमुक हुकूम तुम्हीच काढला ना, असा प्रश्न आला आणि आरोपीने 'या...' म्हणून सुरुवात केली, की दुभाष्याने 'होय' म्हणावे की नाही? 'होय' म्हटले तर कागदावर कबुली चढते, आणि कबुली म्हणजे फास. हा शब्द एखाद्या पोरालाही येईल. तो कोणत्या सुरात आला, त्याच्यामागे श्वास थांबला की वाक्य पुढे चालले, हे कानाने ठरवावयाचे, आणि तेही क्षणात.

हे वाचले तेव्हा आम्हांला एका कारखान्यातील चौकशी आठवली. तेथे आम्ही आरोपी कामगाराच्या बाजूने बसलो होतो. चौकशी अधिकारी इंग्रजीत प्रश्न विचारी, एक कारकून तो मराठीत सांगे आणि कामगाराचे उत्तर इंग्रजीत लिहून घेतले जाई. आमचा माणूस साताऱ्याकडचा, वागायला मर्यादशील. प्रत्येक प्रश्नाला आधी 'हो साहेब' म्हणे आणि मग आपली हकीकत सांगू लागे. त्याचा 'हो साहेब' म्हणजे 'तुमचं ऐकलं, आता माझं ऐका'. कागदावर दर वेळी प्रथम 'येस सर' उमटले. अहवालात ते उचलले गेले आणि आरोप मान्य असल्याचा शेरा पडला. आम्ही हरकत घेतली, ती नोंदवली गेली. पण तो मनुष्य चौदा महिने घरी बसला. कारकुनाला इंग्रजी येत होते, मराठी तर त्याचीच होती. भाषेत त्याला कोणीही नापास केले नसते.

न्यूरेंबर्गनंतर संयुक्त राष्ट्रसंघात या नव्या रीतीवरून मोठा वाद माजला. जुन्या पद्धतीचे दुभाषे हे नामांकित लोक होते. आंद्रे कामिंकेर तासाभराचे भाषण टिपण न घेता पुन्हा सांगू शकत. असे लोक व्यासपीठावर उभे राहून भाषांतर करीत आणि सभा त्यांना टाळ्या देई. काचेच्या खोलीत बसून बोलणाऱ्यांना त्यांनी 'टेलिफोनवाले' म्हणून हिणविले. कारागीर आणि यंत्र यांचा हा झगडा आमच्या ओळखीचा आहे, आणि त्याचा निकालही नेहमीचाच लागला. १९४७ च्या नोव्हेंबरात आमसभेने नवी पद्धत कायम केली. जुन्यांपैकी जाँ एर्बेर यांनी १९५२ साली दुभाष्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. विवेकानंद आणि अरविंद यांचे ग्रंथ फ्रेंचमध्ये नेणारे एर्बेर तेच. आपल्या लोकसभेत इंग्रजी-हिंदी असे बोलता बोलता भाषांतर सुरू झाले ते १९६४ च्या सप्टेंबरात.

आता परीक्षेच्या सरावाविषयी. दुभाष्याच्या परीक्षेस बसू इच्छिणारी काही मुले आमच्या कचेरीत येतात. बहुतेकांचे इंग्रजी डोळ्यांचे असते. आमचेही तसेच होते. शाळा लवकर सुटली, मग कोश घेऊन कायद्याची कलमे वाचीत इंग्रजी शिकलो. वाचलेले पान समजे आणि तेच कोणी मोठ्याने वाचले की निसटे. आमचा कान तयार केला तो आकाशवाणीच्या रात्री नऊच्या इंग्रजी बातम्यांनी. अमेरिकेच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने १९५९ पासून सोप्या शब्दांत, संथ गतीने इंग्रजी बातम्या देण्यास आरंभ केला होता, त्यांचाही उपयोग झाला. पण संथ इंग्रजीवर फार दिवस राहू नये. चालणे शिकविणाऱ्या पांगुळगाड्यासारखे ते आहे.

मराठी कानाला इंग्रजी का निसटते? मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रज एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक आपण शेवटच्या 'न'मध्ये शोधतो. तो बोलणाऱ्याने जोर कोठे दिला यात अधिक असतो. पगारवाढीच्या वाटाघाटीत पंधरा आणि पन्नास यांतील अंतर किती, हे कोणाला समजावून सांगावयास नको. अमेरिकन माणसाचा 'कॅन' आणि 'कान्ट' तर आणखी घातकी, कारण तो शेवटचा 'ट' उच्चारतोच असे नाही. आकड्यांचे दुखणे वेगळेच. 'टू पॉइंट थ्री मिलियन' ऐकताच मनात तेवीस लाख उमटले पाहिजेत. हिशेब करीत बसलात तर पुढची दोन वाक्ये गेली. आणि इंग्रजीचे तरी एकच तोंड कोठे आहे? संयुक्त राष्ट्रसंघात नायजेरियन, स्कॉच, जपानी, तमिळ असे सर्व जण इंग्रजीच बोलतात.

वाक्यरचनेचा अडथळा याहून मोठा. इंग्रजीत नकार आरंभी येतो. मराठीत क्रियापद शेवटी, आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. इंग्रजीतून मराठीत येताना ऐकलेला नकार वाक्य संपेपर्यंत खिशात सांभाळावा लागतो. मराठीतून इंग्रजीत जाताना उलट. 'मालक बोनस देणार आहेत असे आम्ही म्हटलेले' एवढे ऐकून धावणारा दुभाष्या 'नाही'पाशी तोंडघशी पडतो. जर्मन भाषेतही क्रियापद पुष्कळदा शेवटी येते, म्हणून न्यूरेंबर्गच्या लोकांना वाट पाहण्याची विद्या शिकावी लागली. किती थांबावे याला नियम नाही. फार थांबले तर ओझे वाढते, थोडे थांबले तर अर्थ हातचा जातो.

मुलांकडून आम्ही सराव करून घेतो तो बिनखर्चाचा आहे. एकाने इंग्रजी वर्तमानपत्रातील मजकूर नेहमीच्या गतीने वाचावयाचा. दुसऱ्याने प्रथम तोच, इंग्रजीतच, दोन-चार शब्द मागे राहून बोलत जावयाचे. म्हणजे बोलताना ऐकण्याची सवय लागते. दुसऱ्या खेपेस फक्त आकडे आणि नावे कागदावर टिपावयाची. तिसऱ्या खेपेस मराठी. एकदा वाचलेले वाक्य पुन्हा वाचावयाचे नाही, कितीही विनवणी झाली तरी. प्रत्येकाने वीस मिनिटांपलीकडे बोलू नये, कारण काचेच्या खोलीतील सरावलेली माणसेही वीस-तीस मिनिटांनी जोडीदाराकडे काम सोपवितात. आणि आठवड्याने वाचणारा बदलावा. एकाच गळ्याची कानाला सवय होते आणि मुलांना वाटू लागते की आपल्याला इंग्रजी ऐकू येऊ लागले.