बैलाचे दात आणि गाडीचे पासिंग

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातले गाव मलकापूर-नांदुरा रस्त्यावर आहे. हा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ६, नव्या क्रमांकाने ५३. सुरतेकडून निघून धुळे, जळगाव, अकोला, नागपूर असा पूर्वेकडे जाणारा. अशा रस्त्यालगतच्या गावांत जुनी जीप, पिकअप किंवा कार घेताना विचारले जाणारे दोन प्रश्न ठरलेले असतात: ‘पासिंग कुठलं?’ आणि ‘पासिंग कधीपर्यंत आहे?’ पहिल्या प्रश्नातले पासिंग म्हणजे नोंदणीचा जिल्हा. एमएच २८ म्हणजे बुलढाणा. दुसऱ्यातले पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा सरकारी दाखला. एकाच शब्दात दोन्ही अर्थ मुरल्यामुळे गिऱ्हाइकाचा एक समज पक्का झाला आहे, की पासिंग झालेली गाडी म्हणजे सरकारने पारखून दिलेली गाडी. या दाखल्याचा इतिहास पाहिला तर तो गिऱ्हाइकासाठी कधी लिहिलाच गेला नव्हता असे दिसते. तरीही तो निरुपयोगी नाही. फक्त तो वाचण्याची रीत बदलायला हवी.

मोटार येण्याआधीही वऱ्हाडातला शेतकरी वापरलेल्या ‘वाहना’चा सौदा करतच होता. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे, पण त्याआधी बैलाचे तोंड उघडले जाई. अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला, अशी वयाची भाषा होती. आठही कायमचे दात यायला साडेचार-पाच वर्षे लागतात. त्यानंतरचे वय दातांच्या झिजेवरून ओळखत. शिंगे तासून, तेल लावून, रंगवून बैल तरणा दाखवता येई. दातांची झीज मात्र लपवता येत नसे. म्हणजे बैलाचा इतिहास बैलाच्या अंगावरच लिहिलेला असे आणि तो वाचता येणारा माणूस गावात सापडत असे. मोटारीने हे बदलले. किलोमीटरचे मीटर मागे फिरवता येते, ठोकलेल्या गाडीवर डेंटिंग-पेंटिंगचा हात फिरला की ती नव्यासारखी दिसते. इतिहास अंगावरून पुसता येऊ लागला, म्हणून त्याची नोंद बाहेर कुठेतरी असण्याची गरज निर्माण झाली.

ही नोंद झाली, पण दुसऱ्याच कारणासाठी. १९१४ चा पहिला देशव्यापी मोटार कायदा प्रामुख्याने नोंदणी, चालकाचा परवाना आणि वेग यांची काळजी करणारा होता. १९३९ च्या कायद्याने प्रवासी व मालवाहू गाड्यांना योग्यता प्रमाणपत्राची अट घातली. बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि १९४० चे त्या प्रांताचे मोटार नियम इथे लागू होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९५९ चे मुंबईचे नियम आले; पुढे १९८८ चा केंद्रीय कायदा आणि १९८९ चे महाराष्ट्राचे नियम. राज्ये बदलली, मूळ कल्पना तीच राहिली: योग्यता प्रमाणपत्र नसेल तर व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध मानायची नाही. चिंता होती गाडीत बसणाऱ्याची आणि रस्त्यावरून चालणाऱ्याची. गाडी विकत घेणाऱ्याला १९३० च्या वस्तुविक्री कायद्याने आधीच सांगून ठेवले होते की, काही अपवाद सोडले तर, मालाची पारख ज्याची त्याने करावी.

म्हणूनच खासगी कारच्या बाबतीत या व्यवस्थेत मोठे भगदाड आहे. व्यावसायिक गाडीला आजच्या नियमाप्रमाणे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी आहे. खासगी कारची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांसाठी होते. पुढचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे. मधल्या काळात नियमाने तपासला जातो तो फक्त धूर, पीयूसीसाठी. त्यामुळे नऊ वर्षे जुन्या कारचे ‘पासिंग आहे’ याचा अर्थ एवढाच, की तिची पंधरा वर्षे भरलेली नाहीत. तिच्या ब्रेककडे कोणा निरीक्षकाने नियमाने पाहिले आहे, असा नाही.

यावर पहिला आक्षेप येतो की, हे सगळे कागद एजंटामार्फत होतात, त्यांत काय वाचायचे? आक्षेप पोकळ नाही. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाला याच तपासण्यांत लक्ष घालावे लागले आणि ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरच्या मार्गाचा आग्रह धरावा लागला. पण शिक्का संशयास्पद असला तरी तारखा बोलतात. पिकअपचे नमुना ३८ मधले, म्हणजे योग्यता प्रमाणपत्राचे, जुने दाखले ओळीने लावले आणि मध्ये चौदा महिन्यांची फट दिसली, तर त्या काळात गाडी उभी होती की बिनपासिंगची पळत होती, हा प्रश्न विक्रेत्याला विचारता येतो. एक दाखला एका दिवसाबद्दल बोलतो. दाखल्यांची ओळ गाडीच्या आयुष्याबद्दल बोलते.

दुसरा आक्षेप मिस्त्रीच्या बाजूने: चांगला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून सारे सांगतो, कागद कशाला? मिस्त्रीला पर्याय नाहीच. पण त्याला दिसते ते आजचे. गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा उतरला का, पूर्वी ती भाड्याने चालत होती का, हे आवाजात ऐकू येत नाही. खासगी कारला तपासणीचा इतिहास नसला तरी विम्याचा असतो. पाच वर्षे दावा न केल्यास विम्यातली सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते. ‘गाडीला ओरखडा नाही’ म्हणणाऱ्या जुन्या मालकाच्या पॉलिसीत ती सूट शून्य असेल, तर तो अपघाताचा पुरावा नव्हे, पण थांबून विचारावे एवढे कारण नक्कीच आहे.

खरी उणीव आहे ती नोंद उघडी नसण्याची. ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांवरील गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू केली, १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवरील गाड्यांना लागू झाली, आणि आज तिथे नंबर टाकला की गाडी कधी नापास झाली, का झाली, तेव्हा मीटर किती होते, हे कोणालाही दिसते. आपल्याकडे सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत नंबर टाकल्यावर तपासणीबद्दल दिसते ती फक्त वैधतेची शेवटची तारीख. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले. मोजमाप यंत्र करणार असेल तर ते जपून गिऱ्हाइकाला दाखवणे अवघड नाही. तोवर वडनेरच्या गिऱ्हाइकाच्या हाती आहे तो प्रश्न. ‘पासिंग कधीपर्यंत आहे?’ याऐवजी त्याने विचारावे, ‘पासिंग कधी कधी झालं? ते कागद दाखवा.’