खापर कुणाच्या माथी?

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून आधी त्या खेळाविषयी दोन शब्द. नावात फुटबॉल असला तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा जणांच्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. प्रत्येक वेळी सेंटर, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला गडी, दोन पायांमधून चेंडू मागे देतो. तो ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवायला त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर धावून येतात आणि त्यांना अडवायचं काम त्याच्या पुढच्या पाच जणांचं. या पाचांची नावं प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसतात. संघ जिंकला की छायाचित्र क्वार्टरबॅकचं छापून येतं आणि हरला तरी त्याचंच.

अशाच एका क्वार्टरबॅकची ही गोष्ट. जिम केली त्याचं नाव, बफेलो बिल्स त्याचा संघ. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, नायगाराच्या धबधब्याजवळ बफेलो शहर आहे. कडाक्याची थंडी, पोलादाचा धंदा आणि कामगारांची वस्ती. शेजारच्या लॅकावानातला बेथलहेम स्टीलचा प्रचंड कारखाना १९८३मध्ये जवळजवळ बंद झाला. त्याच वर्षी बिल्सनी जिमची निवड केली आणि त्याने यायला नकार दिला! तो ह्यूस्टनला, एका नव्या लीगमध्ये खेळायला गेला. इकडे बिल्सनी १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षांत सोळापैकी दोन-दोनच सामने जिंकले. पुढे ती नवी लीग बुडाली, तेव्हा १९८६ साली जिम बफेलोत आला. त्याच लीगमधून केंट हल नावाचा सेंटरही आला.

१९८९च्या ऑक्टोबरमध्ये इंडियानापोलिसविरुद्धच्या सामन्यात जिमचा खांदा दुखावला. त्याला वाचवण्याची जबाबदारी हॉवर्ड बॅलार्ड या गड्याची होती, तो कमी पडला. जिमने पत्रकारांसमोर त्याचं नाव घेतलं, त्या जागी बदल करायला हवा असं सुचवलं. घरातली भांडणं चव्हाट्यावर आली. वर्तमानपत्रांनी या संघाला ‘भांडखोर बिल्स’ असं नाव ठेवलं. जानेवारी १९९०मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध शेवटच्या क्षणी रॉनी हार्मनच्या हातून विजयाचा झेल निसटला आणि बिल्स ३४-३० असे हरून स्पर्धेबाहेर गेले. पुढे जे घडलं त्याची सुरुवात मी मात्र त्या हंगामातल्या बोट दाखवण्यापासूनच धरतो.

संघाचे प्रशिक्षक होते मार्व्ह लेव्ही. हार्वर्ड विद्यापीठातून इतिहासात एम. ए. झालेला हा गृहस्थ खेळाडूंना अधूनमधून इतिहासातले दाखले देत असे. क्लीव्हलँडच्या त्या सामन्यात घाईघाईने खेळताना एक गोष्ट लक्षात आली होती. दर डावापूर्वी गोल करून चर्चा करण्याऐवजी भराभर खेळलं, तर प्रतिस्पर्ध्याला दम घ्यायला वेळ मिळत नाही. पुढच्या हंगामात हीच त्यांची पद्धत झाली. डाव कोणता खेळायचा हे बाहेर उभा असलेला प्रशिक्षक नव्हे, तर जिम मैदानातच ठरवू लागला. पण समोरची रचना वाचून पुढच्या रांगेला सूचना द्यायचा तो केंट हल. या पद्धतीला ‘के-गन’ म्हणत. लोकांना वाटे हा ‘के’ केलीचा. प्रत्यक्षात तो कीथ मॅकेलर या दुसऱ्याच खेळाडूच्या नावातला होता!

२७ जानेवारी १९९१. फ्लोरिडातल्या टँपा शहरी सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. समोर न्यूयॉर्क जायंट्स. त्यांनी साधा विचार केला : चेंडू आपल्याकडेच ठेवायचा, म्हणजे जिमला मैदानात यायलाच मिळणार नाही. साठ मिनिटांपैकी चाळीसहून अधिक मिनिटं चेंडू त्यांच्याकडे होता. तिसऱ्या सत्रात मार्क इन्ग्रॅम या त्यांच्या गड्याला बिल्सच्या चार-पाच जणांनी पकडलं, पण तो निसटत निसटत हवे तेवढे यार्ड काढून गेला. शेवटी जायंट्स २०, बिल्स १९ आणि उरलेली मिनिटं दोन. जिमने संघ पुढे आणला. आठ सेकंद शिल्लक असताना स्कॉट नॉरवूडला ४७ यार्डांवरून, म्हणजे सुमारे ४३ मीटरवरून, दोन खांबांमधून चेंडू लाथेने पार करायचा होता. चेंडू जमिनीवर धरून बसला होता फ्रँक राईक, जिमचा राखीव क्वार्टरबॅक. लाथेत जोर होता, पण चेंडू उजव्या खांबाबाहेरून गेला.

खापर फोडायला यापेक्षा सोपं डोकं सापडलं नसतं. नॉरवूड पोशाखाच्या खोलीत थांबून एकेका पत्रकाराच्या प्रश्नाला उत्तर देत राहिला. सहकारी मात्र त्याच्या बाजूने उभे राहिले. सामना त्या एका लाथेवर यायलाच नको होता, आम्ही पकडायला हवं होतं त्यांना पकडलं नाही, असं बचावफळीतल्यांनीच सांगितलं. जिमनेही या वेळी कुणाचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बफेलोच्या नायगारा चौकात हजारो लोक जमले आणि ‘आम्हाला स्कॉट हवा’ असा गजर सुरू झाला. मागे उभ्या असलेल्या नॉरवूडला पुढे यावं लागलं. इतकं प्रेम मला याआधी कधी जाणवलं नव्हतं, अशा आशयाचं काहीतरी तो भरल्या गळ्याने बोलला. कारखाने बंद पडलेल्या शहराला चूक नसताना हरणं म्हणजे काय, ते कुणी समजावून सांगायला नको होतं.

वर्षभराने डेन्व्हरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बिल्स १०-७ असे जिंकले. त्यातले निर्णायक तीन गुण ४४ यार्डांवरून नॉरवूडनेच मिळवले होते. अंतिम सामन्यात वॉशिंग्टनने त्यांना ३७-२४ असं हरवलं.

३ जानेवारी १९९३ रोजी जिम गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळत नव्हता. ह्यूस्टनविरुद्ध ३-३५ अशी अवस्था झाल्यावर प्रेक्षक स्टेडियम सोडून जाऊ लागले. राखीव राईकने त्यानंतर चार टचडाऊन फेकले आणि जादा वेळेत बिल्स ४१-३८ असे जिंकले. बाद फेरीत इतकी पिछाडी भरून काढणं त्यानंतर कुणाला जमलेलं नाही. जिम परतला, पण अंतिम सामन्यात डल्लासने ५२-१७ असा धुव्वा उडवला. त्या सामन्यातला एकच क्षण लोक आजही काढतात. सामना केव्हाच हातचा गेला होता. डल्लासचा लिऑन लेट चेंडू घेऊन एकटाच निघाला होता, आणखी एक टचडाऊन होणारच होता. बिल्सचा डॉन बीबी मागून जीव तोडून धावत आला आणि रेषेजवळ त्याने चेंडू लेटच्या हातातून उडवला. निकालात काडीचा फरक पडणार नव्हता, तरी तो धावला.

जानेवारी १९९४मध्ये पुन्हा डल्लास. मध्यंतराला बिल्स १३-६ असे पुढे, शेवटी १३-३० असा पराभव. ओळीने चार सुपर बोल खेळणारा दुसरा संघ झालेला नाही. त्या काळी अमेरिकेत यावरून विनोद होत. मला ते कधीच कळले नाहीत, कारण चौथ्यांदा हरायला आधी चौथ्यांदा तिथवर पोचावं लागतं, आणि तेही तेच चेहरे घेऊन.

१९९६च्या हंगामानंतर जिम निवृत्त झाला. पाठोपाठ, १४ फेब्रुवारी १९९७ रोजी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वाढदिवशी, त्याला मुलगा झाला. हंटर. त्या बाळाला क्रॅबे नावाचा मज्जासंस्थेचा दुर्धर आजार निघाला. जिम आणि त्याच्या पत्नीने त्याच वर्षी ‘हंटर्स होप’ ही संस्था काढली. २००२ साली हॉल ऑफ फेममध्ये जिमचा समावेश झाला, तेव्हा त्याची ओळख मार्व्ह लेव्हींनी करून दिली. भाषणात जिमने आपला नायक म्हणून पाच वर्षांच्या हंटरचं नाव घेतलं. हंटर २००५च्या ऑगस्टमध्ये गेला. एका वर्षाने, ऑगस्ट २००६पासून, न्यूयॉर्क राज्यात जन्मणाऱ्या बाळांची क्रॅबेसाठी तपासणी सुरू झाली. हे करणारं अमेरिकेतलं ते पहिलं राज्य.