रॉकेलचा पिपा, रुईची गाठ आणि बंदरातील लाल निशाण

विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस रुईच्या गाठींच्या रूपाने नॅरोगेज ‘शकुंतले’तून मूर्तिजापूरला जाई आणि तेथून मोठ्या लोहमार्गाने मुंबई बंदराकडे रवाना होई. उलट दिशेने याच मुंबईतून रॉकेल येई. तेल संपल्यावर त्याचा पिपा वऱ्हाडातल्या घराघरांत पाणी आणि धान्य साठवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरला जाई. कापूस आणि तेल, ज्वालाग्राही अशा या दोन मालांची गाठ एकाच बंदरात पडत होती.

आरंभी हे तेल जहाजावरही डब्यांतूनच येत असे. १८९२ साली ‘म्यूरेक्स’ हे टाकीवाहू जहाज रशियन रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले आणि सुटे तेल थेट जहाजाच्या पोटात भरून आणण्याची प्रथा आशियात रुजू लागली. डब्यांचा खर्च वाचला, धोक्याचे स्वरूप मात्र बदलले. डबा फुटला तर एक डबा वाया जातो. टाकीत तेलावर जमणारी वाफ ठिणगीची वाट पाहत असते. म्हणूनच नुकतीच रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक भयावह मानली जाते. नळीतून वेगाने वाहणारे तेलदेखील स्थिर विद्युतभार निर्माण करते. त्यामुळे टाकी भरताना प्रारंभी प्रवाह मुद्दाम मंद ठेवतात.

हिंदुस्थानात १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने ७६ अंश फॅरनहाइटखाली ज्याची वाफ पेट घेऊ शकते, ते तेल ‘धोकादायक’ ठरवले. मुंबईत बहुतेक दिवशी पारा याच्या वर असतो आणि यवतमाळच्या वैशाखाविषयी तर बोलायलाच नको! कप्तानाने आपल्या मालाची लेखी माहिती द्यावी, नेमून दिलेल्या जागीच नांगर टाकावा, नळ्या गळक्या नसाव्यात, उतराईच्या वेळी विस्तव व धूम्रपान वर्ज्य असावे, अशी बंधने बंदरांत रूढ होती. धोकादायक माल वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावण्याचाही परिपाठ होता. या सर्वांमागचे तत्त्व एकच होते: धोका ओळखता यावा आणि तो वस्तीपासून दूर राहावा.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीला चढवलेल्या ८,७०० कापूसगाठी आणि वंगणतेलाची पिंपे होती. वंगणतेल सहजासहजी पेटत नाही, ते ‘धोकादायक’ या व्याख्येत बसतही नव्हते. परंतु तेल मुरलेली रुई आपोआप तापून पेटू शकते, हे वणी-यवतमाळच्या जिनिंगमधल्या कामगारालाही सांगावे लागत नाही. स्फोटकांचे जहाज गोदीबाहेर ठेवून पडावांत माल उतरवण्याची शांतताकालीन रीत युद्धाच्या घाईत सोडून दिलेली होती. लाल निशाणही नव्हते.

दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या फळक्यातून धूर दिसू लागला. तळाशी कापूस, त्यावर स्फोटके. दाबलेली गाठ आतून धुमसते, तिच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही; उलट ओतलेल्या पाण्यावर तरंगत पेटत्या गाठी वर, स्फोटकांच्या दिशेने सरकल्या. जहाज बुडवावे की बाहेर ओढून न्यावे, याचा ठाम हुकूम कोणीच दिला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. जळता कापूस शहरावर बरसला. मृतांचे अंदाज ८०० ते १,३०० पर्यंत जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. लोककथांत मात्र जहाजावरच्या सोन्याच्या विटाच अधिक चमकत राहिल्या, हे खेदजनकच.

सारा दोष एखाद्या विडीच्या थोटकावर ढकलणे सोपे असते. प्रत्यक्षात प्रत्येक सवलतीला त्या क्षणी सबळ कारण होते: जहाजांची टंचाई, युद्धाची निकड, शत्रूपासून गुप्तता. सवलती एकेक करून दिल्या गेल्या. त्या एकाच जहाजात एकवटल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पुढे १९५० च्या दशकात ट्रॉम्बे येथे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. त्यांच्या कच्च्या तेलासाठीचे धक्के शहराच्या गोद्यांत न बांधता बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर बांधण्यात आले आणि तेल समुद्राखालच्या नळांतून किनाऱ्यावर नेण्याची सोय झाली. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी त्या बेटावरील डिझेलच्या टाकीवर वीज कोसळली. आग जवळपास तीन दिवस धुमसत होती. जवानांनी शेजारच्या टाक्यांवर पाण्याचा मारा करून त्या थंड ठेवल्या. मुंबईकरांना दुरून धुराचे लोट दिसले. त्या आगीत कोणाचाही जीव गेला नाही.