भुसावळचा खलाशी

शेजारच्या आप्पांना रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पेन्शनच्या कामासाठी त्यांनी एकदा जुनी कागदपत्रं माझ्याकडून वाचून घेतली. पहिल्या नेमणुकीपुढे हुद्दा लिहिला होता, खलाशी. "आप्पा, तुम्ही जहाजावर होतात?" मी विचारलं. "जहाज कुठलं भाऊ! तापीत नावेत बसलो तेवढंच. कारखान्यात खलाशी व्हतो मी." आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. तर्जनीचं शेंड्याचं पेर नव्हतं. साखळी आणि हुकाच्या मध्ये सापडलं होतं.

मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर. मग हा दर्यावर्दी हुद्दा भुसावळात आला कसा? तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे आहे.

शब्दाचं मूळ अरबी 'खलास', म्हणजे सुटका. इथवर सगळे एक आहेत. सुटका कुणाची, यावर भांडण. एक मत असं की खलाशी म्हणजे सोडवलेला गुलाम. गोष्ट सुरस आहे, पण मला पटत नाही. गुलामीतून सुटलेला माणूस शेतीही करील, शिपाईगिरीही करील. मग नाव दोरखंड ओढणाऱ्यालाच का चिकटावं? माझं मत वेगळं. अरबीत आजही बंदरातून माल सोडवण्याला 'तख्लीस' म्हणतात. धातू तोच. सुटका मालाची, जहाजाची, दोराची. जो गाठ सोडतो, ओझं उतरवतो, तो खलाशी.

याला पुरावा केरळच्या बेपूरचा. तिथले माप्पिला खलाशी जहाजं बांधतात आणि दोर, कप्पी, लाकडी ओंडके यांच्या बळावर ती पाण्यात ढकलतात. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमणला आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी तलावात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढायला हेच खलाशी धावले होते. बंदरातल्या कप्पीने रेल्वेचा डबा उचलला! खलाशाची खरी ओळख ओझं आहे, पाणी नव्हे.

आता विरुद्ध पक्ष, आणि तो हलका नाही. इंग्रजी अमलात छावणीतले तंबू ठोकणारे आणि मोजणीची साखळी धरणारे लोकही खलाशीच म्हणवले जात. रेल्वेत आधी सर्वे, मग रूळ. म्हणजे १८६०च्या दशकात खानदेशात लोहमार्ग आला, तेव्हा हा शब्द मोजणीदाराच्या साखळीला धरून आला असेल, बंदरातून नव्हे. हे वाचून मी काही दिवस गप्पच होतो. मग आप्पांनीच मला सोडवलं. क्रेनवाल्याला ओझं खाली घ्यायला सांगताना तुम्ही काय ओरडायचात, असं विचारल्यावर ते तळहात जमिनीकडे करून म्हणाले, "आरिया! आरिया!" हा पोर्तुगीज 'आरियार', शीड किंवा दोर खाली सोडणे. मोजणीदाराच्या साखळीला आरिया लागत नाही. हा शब्द डेकवरून गोदीत, गोदीतून क्रेनवर आणि क्रेनबरोबर भुसावळात आला, आणि खलाशीही त्याच वाटेने आला, असं मी ठामपणे म्हणतो. 'जोर लगाके हईशा'मधला हईशाही पोर्तुगीज 'इसा', म्हणजे 'वर खेच', याचाच नातू असावा. हा मात्र माझा तर्क.

नाव तर समुद्रावरून आलं. समुद्रावरच्या खलाशाचा हक्क मात्र बरोबर आला नाही, आणि तो यायला फार उशीर लागला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ओलेराँ बेटाच्या नावाने ओळखले जाणारे मध्ययुगीन सागरी नियम सांगतात की जहाजाच्या कामात जखमी झालेल्याला जहाजाच्या खर्चाने बरं करायचं. दारू पिऊन किनाऱ्यावर मारामारी केली असेल तर नाही. जमिनीवर याच्या उलट. १८३७ साली इंग्लंडात खाटकाच्या गाडीवर जखमी झालेल्या नोकराला कोर्टाने मालकाकडून काहीच मिळू दिलं नाही. आपल्याकडे १८५५चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता, पण तो मेलेल्याच्या वारसांसाठी. बोट तुटलेल्याला त्यात जागा नव्हती.

१ जुलै १९२४ रोजी कामगार नुकसानभरपाई कायदा लागू झाला आणि रेल्वेवाला व जहाजवाला एकाच कायद्यात आले. २०२५पर्यंत लागू असलेल्या या कायद्यातलं कलम १५ खास दर्यावर्दींसाठी होतं. खलाशाला अपघाताची नोटीस जहाजाच्या कप्तानाला देता येई, जणू तोच मालक. आणि अपघात होऊन अपंगत्व जहाजावरच सुरू झालं असेल तर नोटिशीचीही गरज नसे. डेकवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेल्या माणसाने कागद कुणाला पाठवायचा? याच कलमात आणखी एक ओळ होती. जहाजमालक जखमीच्या निर्वाहाचा खर्च कायद्याने सोसत असेल, तेवढ्या काळाची पंधरवडी भरपाई नसे. ओलेराँचा नियम दिल्लीच्या कायद्यात मला इथे सापडला.

बोटांचा हिशोब मात्र दोघांना एकच. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरत. अख्खी तर्जनी १४, तर्जनीचं एक पेर ९. मी आप्पांना ते वाचून दाखवलं.

"समुद्रावरच्या खलाशालेबी नऊच?" त्यांनी विचारलं.

"नऊच."

आप्पांनी ते बोट उजेडाकडे धरून पाहिलं आणि कागद पुन्हा पिशवीत ठेवले.